पऱ्हाटीचा आडोसा

एखादं पुण्य हातून घडल्याची खात्री पटली की माणूस असह्य होतो. आमचे हे, सदाशिवराव, त्यांनी त्या एप्रिलमध्ये वावरात दोन मोठे माठ ठेवले आणि साऱ्या राळेगावला सांगत सुटले. बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, उरलेला पडलेल्या भावानं खाल्ला. निदान पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटणाऱ्या बायका तरी उन्हानं जाऊ नयेत, असा उदात्त विचार. माठात वाळा, शेजारी ग्लुकोजचा डबा. मला कधी एवढ्या कौतुकानं कुणी पाणी विचारलं नाही.

मी जेवणाचा डबा घेऊन गेले तेव्हा हे कमरेवर हात ठेवून निंबाखाली उभे.

"पाह्य इंदू, एक थेंब पेऊन नाही राह्यल्या. कोणाचं चांगलं करावं त पचत नाही."

मग त्यांनी सावलीत उभं राहून, उन्हातल्या बायकांना, उन्हात पाणी का प्यावं यावर भाषण दिलं. बायका "हो जी, हो जी" म्हणत उपटत राहिल्या.

भाषण संपायच्या आत त्यांच्यातली रुपीबाई कोसळली.

तिला निंबाखाली आणलं. अंग तापलेलं, ओठ फुटलेले. ओला पदर डोक्यावर ठेवल्यावर डोळे उघडले, पण तांब्या तोंडाला लावला तर तिनं दात आवळले. "नोको व बाई."

"मरन ना थे!" हे ओरडले. मलाही तिचा राग आला. जीव चाललाय आणि बाई हट्ट करते!

मी मात्र घरून दोन ग्लास ताक पिऊन निघाले होते, वर माठातलं तांब्याभर पाणी. आता मलाच लागली. आडोसा शोधायला उठले आणि वावराच्या मध्यावर जाऊन थांबले. सगळं सपाट. पऱ्हाटी उपटून बांधाला ढीग लागलेले, नाला कोरडा आणि उघडा, एकुलत्या एका निंबाखाली आमचे हे. लागूनच सडक. एस.टी. गेली, खिडकीतल्या माणसानं ओळखीचा हात केला. मीही केला. करणार काय?

परत येऊन मी धुरपताबाईला, बायकांतल्या सगळ्यात जुन्या मजुरणीला, हळूच विचारलं, "तुम्ही जाता कोठं व?"

"अंधार पडल्यावर जातो. पऱ्हाटी उभी होती तवा तिच्यात जात होतो. आता आमीच उपटली." ती हसली. "म्हनून सकाळपासून पेतच नाही."

मला हसू आलं नाही. प्यायलेल्या पाण्याचं पुढं काय होतं, हा विचार ह्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. का येईल? ह्यांनी बांधाकडे तोंड केलं की झालं. आणि मी बाईमाणूस असून स्वतःला लागेपर्यंत मलाही सुचलं नव्हतं.

पऱ्हाटी वाहायला आणलेली बैलबंडी वावरात उभी होती. तिला टेकवून आम्ही बायकांनी ढिगातली पऱ्हाटी चारही बाजूंनी उभी केली, दोरीनं आवळली, दाराला पोतं टांगलं. हे धावत आले.

"अवं, थे चुलीचं जळतन हाय! वावरात हे काय मंदिर बांधून राह्यली?"

"मंदिरच समजा," मी म्हटलं. "फक्त दर्शनाले तुम्ही येऊ नका."

तेव्हा कुठं त्यांना समजलं. कानापर्यंत लाल झाले आणि पाठ फिरवून सडकेकडे बघत बसले.

पहिली मी गेले. मालकीण असल्याचा एवढा फायदा मी कधी घेतला नव्हता. मग धुरपताबाईनं रुपीबाईला धरून आत नेलं. बाहेर आली ती सरळ माठाकडे. एक तांब्या प्यायली, दुसरा प्यायली, तिसरा भरायला लागली तसे आमचे हे वळले.

"एवढा वेळ विनवलं त नाही पेली. आता कशी पेऊन राह्यली व?"

रुपीबाईनं तोंड पुसलं.

"भाऊ, लगन होऊन आली तवापासून वावरात हाय," ती म्हणाली. "उन्हायात दिवसा पोटभर पाणी आज पयल्यांदा पेली."