एक बोट खेळ

गाडीखालून तिने हात बाहेर काढला आणि न बघताच म्हणाली, "सतरा नंबर."

स्टुलावर बसलेल्या बाबांनी सतराचा पाना दिला. तो आधी तिच्या अंगठ्यावर आपटला, मग तळव्यात नीट बसला.

"लागलं?"

"नाही."

गाडी बाबांची. मुलीपेक्षा वयाने मोठी, आणि आईच्या मते लाडाने तिच्यापेक्षा जास्त बिघडलेली. गॅरेज मुलीच्या हाती सोपवून बाबांना बरीच वर्षं झाली होती, पण या गाडीला त्यांनी तिला हात लावू दिला नव्हता. स्टेअरिंगला एक बोट खेळ हवा, हा बाबांचा नियम. स्टेअरिंग बोटभर फिरेपर्यंत पुढची चाकं हलता कामा नयेत. खेळ त्याहून कमी असेल तर वळवताना जड जातं, जास्त असेल तर गाडी स्वतःच्या मनाने चालते. जगाला हा नियम लावणारे बाबा स्वतः मात्र चार बोटं खेळ असलेली गाडी फिरवत, आणि कुणी बोललं तर म्हणत, "तिची खोड मला ठाऊक आहे. तुम्ही नाक खुपसू नका."

मागच्या आठवड्यात ती गाडी घराच्या फाटकाच्या खांबावर गेली. बाबा उतरले, खांबाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "स्टेअरिंगने दगा दिला." आईने ऐकून घेतलं आणि सांगून टाकलं, की एक तर स्टेअरिंग नीट करा नाही तर गाडी विका. तेव्हा कुठे किल्ली मुलीच्या हातात आली.

तिने जीव ओतून काम केलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा टाय रॉड वाकला तर तो तापवून सरळ करायचा नाही, हे बाबांनीच शिकवलेलं. म्हणून भंगाराची दुकानं पालथी घालून तिने तसलाच दुसरा शोधून आणला. स्टेअरिंग बॉक्समधली झिजलेली बुश लेथवर नवी करून घेतली, रॉडच्या दोन्ही टोकांचे सांधे, बॉल जॉइंट, बदलले. गाडी नीट झाली नाही तर बाबा घरात बसणार, आणि घरात बसलेले बाबा तिला नुसत्या कल्पनेतही बघवत नव्हते.

शेवटचा नट आवळून ती बाहेर आली. हात पुसून तिने चहा ओतला.

"अर्धाच दे."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"मी सांगतोय."

चहा संपल्यावर बाबांनी खिडकीतून हात घालून स्टेअरिंगच्या कडेला तर्जनी टेकवली. हलकेच इकडे, हलकेच तिकडे.

"एक बोट," ते म्हणाले. "चालेल."

बाबांकडे 'छान' नव्हतं. 'चालेल' हे त्यांचं सुवर्णपदक. तिला गालात हसू आलं, ते तिने फडक्याआड लपवलं.

आधी तिने गाडी मागच्या रस्त्यावर नेऊन आणली. गाडी अगदी सुतात चालली. मग बाबा स्टेअरिंगवर बसले, ती शेजारी. गॅरेजमधून बाहेर पडल्या पडल्या गाडीचं तोंड जरा डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. बाबांनी ओठ घट्ट मिटले होते. कोपऱ्यापर्यंत जाऊन त्यांनी गाडी परत आणली.

"अजून खेळ राहिलाय."

तिचा चेहरा उतरला. तिने पुढची बाजू जॅकवर चढवली, खाली आधाराला लोखंडी घोडे लावले आणि पुन्हा पाठीवर सरकली. एकेक सांधा हलवून बघितला. सगळे घट्ट.

"बाबा, स्टेअरिंग जरा स्थिर धरा."

"धरलंय."

तिच्या डोळ्यांसमोर टाय रॉड हलत होता. किंचित, पण थांबत नव्हता. अधांतरी चाकं त्याच्याबरोबर थरथरत होती.

"धरलंय ना?"

"अगं, दोन्ही हातांनी धरलंय."

तिने रॉडवर तळवा ठेवला. नवे सांधे प्रामाणिक होते. वरून जे येत होतं ते जसंच्या तसं खाली पोहोचवत होते. अंगठ्यावर आपटलेला पाना तिला आठवला, अर्धा कप चहा आठवला. चार बोटांच्या त्या ढिलेपणाने कोण जाणे किती दिवस हे सगळं पोटात घातलं होतं. तिला तिथेच, तेलाच्या डागांवर पडल्या पडल्या, रडू आलं.

"सापडलं का?" वरून आवाज आला.

ती बाहेर आली. डोळे पुसायच्या नादात काळा हात गालावर फिरला. बाबा स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते.

"बुश जरा... बदलावी लागेल परत. गाडी राहू दे इथे. बघते सवडीने."

"मेस्त्री," बाबा म्हणाले. शिकवायचे तेव्हा ते तिला असंच म्हणायचे. "स्टेअरिंगची तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं, आणि खाली सगळं घट्ट निघालं. मग काय तपासायचं?"

ती फडक्याने बोटं पुसत राहिली.

"शिकवलंय मी तुला."

"चालवणाऱ्याचा हात."

"तपासलास?"

"हो."

"मग सांग ना, काय बिघडलंय?"

तिने खिडकीतून हात घातला आणि त्यांच्या हातावर ठेवला. हात तिच्या हाताखालीही थरथरत होता.

"हात, बाबा."

"बरोबर," बाबा म्हणाले. आजवर हा शब्द त्यांनी तिला दिला नव्हता. मग म्हणाले, "कुणीतरी सांगायला हवं होतं. परक्याने सांगितलं असतं तर मी भांडलो असतो."

"दाखवू या डॉक्टरांना."

"दाखवू. आधी गाडी खाली उतरव."

तिने घोडे काढले, जॅक उतरवला. तोवर बाबा गाडीला पुढून वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते. त्या सीटवर त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी किल्ली तिच्यापुढे धरली. किल्लीची साखळी किणकिणत होती.

"घरी सोड. आणि फाटकापाशी जपून, खांब जरा पुढे आलाय."

"खांब पुढे आलाय?"

"तुझ्या आईला आता तसंच सांगायचं."

ती हसली आणि गाडी रस्त्यावर घेतली. पहिल्या वळणाशी बाबांचा पाय पुढे सरकला आणि रिकाम्या जागी ब्रेक दाबू लागला. तिने ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं आणि स्वतःचा ब्रेक दाबला. गाडी हळू झाली. बाबांनी पाय उचलला, तसा तिनेही उचलला. घर येईपर्यंत प्रत्येक वळणावर त्यांनी पाय दाबला की गाडी हळू होत होती.