कच्च्या टाक्यांची गाडी

खालच्या मजल्यावरच्या कॅशियरनी मला जिन्यात थांबवून विचारलं, ती दर महिन्याला खोक्यातून येणारी छोटी गाडी घेण्यासारखी आहे का हो? त्यांनी कुठेतरी जाहिरात बघितली होती. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना वेळ खायला उठतो. मी म्हटलं, वर या एकदा, दाखवतो. खरं तर त्या आठवड्यात हाच प्रश्न माझ्याही मानगुटीवर बसला होता.

ही गाडी एकदम मिळत नाही. वर्गणी भरायची, की दर महिन्याला एक खोकं येतं. त्यात चार-दोन भाग, तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू आणि एक चित्रांचा कागद. एखाद्या महिन्यात नुसता टायर. एखाद्या महिन्यात आरसा आणि वायपर. असं करत करत दोन-अडीच वर्षांनी हातभर लांबीची गाडी उभी राहते. दारं उघडतात, दिवे लागतात, असं कंपनी म्हणते. मी पुरी झालेली बघितलेली नाही.

वर्गणी माझ्या बायकोने भरली होती. मी जन्मभर गॅरेजात काम केलं. गॅरेज बंद झालं आणि मी खिडकीत बसायला लागलो. रस्त्यावरून गाडी गेली की कुणाचा सायलेन्सर फुटलाय, कुणाचा पट्टा सैल झालाय, ते मी तिला सांगायचो. ती शिलाई मशीनवर असायची. काही दिवस तिने ऐकून घेतलं. मग एका सकाळी पहिलं खोकं आलं. ज्या गाडीवर मी काम शिकलो तेच जुनं मॉडेल होतं. मी म्हटलं, अगं, एवढ्यात भंगारवाल्याकडून खरी गाडी येईल.

"येईल की," ती म्हणाली. "पण ती टेबलावर मावणार नाही, आणि तुम्ही घरातून हलणार नाही."

माझी बोटं जाड. पहिलाच स्क्रू हातातून उडाला तो मशीनच्या पायाखाली सापडला. मग न ठरवता काम वाटलं गेलं. मी कागद बघून सांगायचो, भाग लोहचुंबकावर मांडून द्यायचो, आणि ती सुई धरावी तसा स्क्रूड्रायव्हर धरून बसवायची. ती कोट शिवायची. आमच्या गल्लीत लग्नाला जो कोट बाहेर पडेल तो हिच्या हातचा. मी तिला फिटर म्हणायला लागलो. ती मला उस्ताद म्हणायची. "उस्ताद, पुढे काय?" त्यात थट्टा असायचीच.

खालचा सांगाडा, म्हणजे चासी, झाली. पुढची चाकं बसली, वळायला लागली. मागचा अॅक्सल घेतला, आणि ही आजारी पडली. तरी करायची. उशीला टेकून, मांडीवर ट्रे घेऊन. पुढे पुढे एका स्क्रूला बराच वेळ लागायला लागला. मी बसवू का म्हटलं की नुसती मान हलवायची. मग तेही थांबलं. मग ती गेली.

खोकी येत राहिली. कुरिअरवाला दारात तिचं नाव वाचायचा, मी सही करायचो. पहिल्या वेळेला त्याने विचारलं, मॅडम आहेत का? मी म्हटलं, आत आहेत. का म्हटलं कोण जाणे. खोकी न उघडता मी कोपऱ्यात रचत गेलो.

तोवर बाकी सगळीकडून तिचं नाव निघालं होतं. बँकेतून निघालं, विजेच्या बिलावरून निघालं, फोनवरून निघालं. प्रत्येक ठिकाणी माणसं चांगली वागली. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नाव काढलं. राहिलं ते फक्त खोक्यावर.

मुलगी दर रविवारी येते. त्या रविवारी तिने सांगितलं, वर्गणी ज्यातून जायची ते आईचं कार्डही बँक आता बंद करतेय. ती कंपनीशी बोलली होती. वर्गणी चालू ठेवायची तर दुसऱ्या कुणाच्या नावावर करावी लागेल, नाहीतर बंद. तिचं स्वतःचं मत बंद करण्याचं होतं. अर्धी गाडी अजून यायची आहे, तुम्ही आलेलंसुद्धा उघडत नाही, नुसती अडगळ होतेय, म्हणाली. मी विचारलं, नाव तेच ठेवून वर्गणी मी भरली तर? तसं होत नाही बाबा, म्हणाली. म्हणजे गाडी हवी तर खोक्यावरचं नाव पुसायचं, आणि नाव माझ्या हाताने पुसायचं नसेल तर गाडी अर्धीच सोडायची. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी टेबल पुसून घेतलं, कपाटावरून चासी खाली काढली आणि खोकी उघडली. इंजिन आलेलं होतं. ते चासीच्या दोन दांड्यांमध्ये वरून उतरवायचं होतं. चासी हातात घेतली तर मागचा अॅक्सल खुळखुळला. स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावून बघितला, तर सैल. शेजारचा सैल. त्याच्या शेजारचा बोटानेच फिरला.

मी खुर्चीवर बसलो. माझ्या मनात एकच आलं, की तिच्या हातात जोर उरला नव्हता आणि ती मला कळू देत नव्हती. मी समोर बसून भाग मांडून देत होतो, पुढे काय ते सांगत होतो, आणि तिच्याच्याने स्क्रू पिळवत नव्हता. मी जन्मभर लोकांच्या गाड्यांचा खुळखुळाट ऐकून दुखणं सांगितलं. घरातला मला ऐकू आला नाही.

मग मी मागचे सगळे स्क्रू आवळले. कामाची जी सवय तीच, करकरेपर्यंत. तिचं राहिलेलं काम पुरं करतोय असं वाटत होतं. आवळून झाल्यावर इंजिन उतरवायला गेलो तर ते बसेना. तिरकं करून बघितलं, उलटं करून बघितलं. एका बाजूची दांडी आत ओढली गेली होती.

कॅशियर नेमके तेव्हाच वर आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून इंजिन बघितलं आणि माल खराब आहे असा निकाल दिला. अशा कंपन्या अर्ध्यातच माणसाला लटकवतात, पुढचं बंद करून टाका, म्हणाले. मला तेच ऐकायचं होतं बहुतेक. मी मुलीला फोन करून सांगितलं, बंद कर.

रविवारी ती आली ती थोडी हळवी होऊनच. तुमचं ठरलं ते बरं झालं, म्हणाली, पण तसं म्हणताना बघत होती टेबलाकडे. लहानपणी मशीनखाली बसून बटणांशी खेळलेली पोरगी ती, शिवण आईकडेच शिकली. तिने चासी उचलली, मागून पुढे बोट फिरवलं, आणि पुढच्या चाकाजवळचे स्क्रू हलवून बघितले. ते मी आवळले नव्हते.

"हे मागचे तुम्ही आवळलेत?"

मी हो म्हटलं. आईच्या हातात शेवटी जोर नव्हता, ते सैल राहिले होते, म्हटलं.

तिने चासी फिरवून पुढची बाजू माझ्याकडे केली. मग म्हणाली, "बाबा, पुढची चाकं कधी बसवली?"

चाकं सगळ्यात आधी बसवली होती. ही ठणठणीत असताना. तेव्हा ती बोलत बोलत एका दमात बसवून मोकळी झाली होती.

"तेही सैलच आहेत," मुलगी म्हणाली. "तिने सगळ्या गाडीला कच्चे टाके घातलेत. कोट एकदा अंगावर उभा राहिल्याशिवाय तिने कधी पक्की शिलाई मारली होती का?"

नव्हती मारली. हे मला माहीत होतं. कोटाच्या बाह्या पांढऱ्या दोऱ्याने जोडलेल्या असायच्या, गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं, ही खडूने खूण करायची. मग पक्की शिलाई, आणि मग तो पांढरा दोरा ओढून काढायचा. इतकी वर्षं ते दोरे माझ्या चपलांना चिकटायचे. आणि माझ्या डोक्यात नाही आलं.

"हात नव्हते गेले तिचे," मुलगी म्हणाली, आणि उठून चहा टाकायला गेली.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, घटकाभर. मग वाटलं, तिला गाडी शेवटी पक्की करायची होती, म्हणजे शेवटपर्यंत असायचं होतं. ते जोर नसण्यापेक्षा वाईट होतं.

मी स्क्रू परत सैल करायला घेतले. बरेचसे निघाले. दोन जागचे आटे मी खाल्ले होते. तिथे आता स्क्रू नुसता फिरतो, धरत नाही. दांडी मोकळी झाली. इंजिन उतरलं, पण एका बाजूला कलतं. ते आता कललेलंच राहणार. मुलगी चहा घेऊन आली, तिने बघितलं. कंपनीला मी अजून फोन केलेला नाही, एवढंच म्हणाली.

"माझ्या नावावर कर," मी म्हटलं.

तिने एकदा विचारलं, नक्की ना. मग फोन काढून माझं नाव लिहिलं. लिहायला काही वेळ लागला नाही.

पुढचं खोकं आलं तेव्हा कुरिअरवाल्याने दारात माझं नाव वाचलं. मी हो म्हणायच्या आधी सवयीने आत बघितलं. मॅडम नाहीत आता, म्हटलं. त्याने मान डोलावली आणि सही घेतली.

कॅशियर परवा पुन्हा आले. बंद करणार होता ना, म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, आता सरळ सांगा, घेण्यासारखी आहे का? मी त्यांना सांगितलं, गाडी हवी असेल तर घेऊ नका. दुकानात तयार मिळते, याहून स्वस्त आणि याहून सरळ. एकट्याने करायची असेल तर मुळीच घेऊ नका. स्क्रू कोण धरणार आणि कागद कोण वाचणार?

"मग तुम्ही?"

मी चासी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी एका बोटाने ती थोडी ढकलली. कललीय, म्हणाले. मी म्हटलं, हो, कललीय.

ते उठले नाहीत. त्यांनाही घरी जायची घाई नसते. मग त्यांनी विचारलं, या खोक्यात काय आलंय. मी म्हटलं, डावं दार. त्यांनी चष्मा खाली घेतला, कागद हातात धरला आणि पहिलं चित्र कुठलं ते शोधायला लागले. मी स्क्रू लोहचुंबकावर काढले, एक उचलला, आणि टेकेल एवढाच फिरवला.