पुण्याच्या नंबराची निळी गाडी

प्रशांतनं ती गाडी घेतली तेव्हा त्याचं डोकं फिरलंय यावर घरात एकमत होतं. चाळिशी ओलांडलेला माणूस, पोरगी दहावीला, आणि घेतली काय, तर बुटकी निळी स्पोर्टी हॅचबॅक. सस्पेन्शन इतकं कडक की रस्त्यावर कुणी शेंगांची टरफलं टाकली असतील तर तीही पाठीला कळावीत. मागे दोघं कसेबसे बसायचे, तिसऱ्यानं सरळ रिक्षा बघावी. डिकीत किराणा भरला की भाजीची पिशवी मांडीवर. "लोक एक गाडी कामाला ठेवतात आणि एक हौसेला," तो सांगायचा. "आपल्याकडे राहणार एकच. मग ती हौसेची असू दे. कामाचं काय, शिकेल तीही." सुजातानं तेव्हा कपाळाला हात लावला होता.

प्रशांतला जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि गाडी खरोखरच कामाला लागली होती. सुजाता रोज सकाळी ती हैदराबादेत काचीगुड्याहून हायटेक सिटीतल्या ऑफिसला न्यायची. त्या रहदारीत क्लच दाबून दाबून डाव्या गुडघ्याच्या नाकी नऊ येत. गॅसची शेगडी दुरुस्तीला, दळण गिरणीत, पुण्यात कॉलेजला असलेली लेक ईशा सुट्टीला आली की तिच्या बॅगा स्टेशनवरून घरी, सगळं त्याच गाडीतून. गल्लीच्या तोंडाशी कुण्या उत्साही नगरसेवकानं घातलेला गतिरोधक म्हणजे छोटी टेकडीच होती. तो ओलांडताना गाडी तिरकी घ्यावी लागे, नाहीतर पोटाला घासून असा आवाज येई की सुजाताचेच दात आंबत. सोसायटीतल्या सावित्रीबाई आठवड्यातून एकदा तरी म्हणायच्याच, "ती इवलीशी गाडी काढून टाक ना गं. उंच घे एखादी. म्हाताऱ्या माणसाला किती त्रास!"

म्हातारा माणूस म्हणजे एकनाथराव, प्रशांतचे वडील. पक्षाघातानं त्यांचा उजवा पाय गेल्यातच जमा होता. मागच्या दारातून तो ताठ पाय आत जात नसे, म्हणून त्यांना पुढेच बसवावं लागे. आधी पाठ गाडीकडे करायची, मग सुजातानं काखेत हात घालून हळूहळू खाली सोडायचं, मग पाय उचलून आत ठेवायचा, शेवटी वाकून पट्टा लावायचा. सीट इतकी खोल की खाली बसताना ते प्रत्येक वेळी डोळे मिटून घेत. गाडी एवढी अरुंद होती की गिअर बदलताना सुजाताचं कोपर त्यांच्या हाताला लागे. दुसऱ्या कुणाला त्यात माया वाटली असती. सुजाताला मात्र तो स्पर्श नकोसा होई, कारण या माणसानं आपल्या नवऱ्याला मरू दिलं अशी तिची खात्री होती.

ही खात्री तिनं कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. इंदुताई, म्हणजे सासूबाई, गेल्यावर एकनाथराव एकटे पडले. प्रशांतनं हट्टानं इकडे बदली मागून घेतली आणि दोघं पुणं सोडून हैदराबादला आले. तीन महिने झाले नसतील, एका सकाळी दाढी करता करता प्रशांत कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून एकनाथराव निजामाबादच्या लेकीशी, भाग्यलक्ष्मीशी, फोनवर बोलत होते. सुजाता त्यांच्या मागेच बाकावर बसली होती. तिला सगळं ऐकू आलं.

"परवा छातीत दुखतंय म्हणला होता गं. मीच म्हणलो, गॅस झाला असंल, ओवा खा. मी लक्ष दिलो नाही, भाग्या."

परवा. म्हणजे सोमवारी. सोमवारी संध्याकाळी ती ऑफिसातून उशिरा आली होती आणि बापलेक गॅलरीत चहा पीत बसले होते. तेव्हाच बोलला असणार. दोन दिवस हातात होते. एक फोन, एक ईसीजी, आणि तो आज जिवंत असता. आणि या माणसानं त्याला ओवा खायला सांगितला, बायकोला एका शब्दानं कळवलं नाही. सुजाता त्या बाकावरून उठली ती हे वाक्य पोटात घेऊनच.

ती भांडली नाही. विचारलंही नाही. पुण्याच्या माहेरी तिला लहानपणापासून एकच शिकवलं होतं, की मोठ्यांना जाब विचारायचा नाही. ते शिक्षण नको तिथं उपयोगी पडलं. ती मूग गिळून बसली आणि करायचं ते सगळं करत राहिली. गोळ्या, पथ्याचा भात, आंघोळीचं पाणी, व्यायामाला नेणं, आणणं. "बाबा, गोळी घेतलीत?" "घेतलो." "बाबा, निघायचं?" "हौ." घरातलं बोलणं एवढंच. एकनाथराव हैदराबाद संस्थानातल्या शेतकरी घराण्यातले, मोकळ्या गळ्याचे आणि गप्पिष्ट. पण सुनेच्या तोंडावरचं कुलूप बघून तेही गप्प झाले होते.

शेवटी तिनं पुण्याला बदली मागितली आणि ती मिळालीही. ईशा पुण्यात एकटी राहते, हे कारण सगळ्यांना पटण्यासारखं होतं. रविवारी भाग्यलक्ष्मी येऊन वडिलांना निजामाबादला घेऊन जाणार होती. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर चढवले की एकनाथराव खाली उतरण्याची शक्यता कमीच. हे सुजाताला ठाऊक होतं. आपण त्यांना एका खोलीत नेऊन बंद करतोय हेही तिला कळत होतं. पण आणखी एक वर्ष त्या कोपराशी कोपर लावून बसणं तिच्याच्यानं होणार नव्हतं.

तो शुक्रवार होता. नारायणगुड्याच्या दवाखान्यातला शेवटचा व्यायाम झाला. तिथल्या मुलीनं एकनाथरावांच्या हातात व्यायामाचा रबरी चेंडू ठेवला आणि "अंकल, रोज करना हौ," म्हणून बजावलं. सुजातानं त्यांना गाडीत बसवलं, पट्टा लावला. गाडी सुरू केली तेव्हा ते नेहमीचं मौन मोडून म्हणाले, "सुलतान बाजारावरून घेतीस का गं? भाग्याला एक साडी घ्यावं म्हणतो. रिकाम्या हातानं लेकीच्या घरी जाऊन बसायचं बरं दिसत नाही."

तिला नाही म्हणता आलं नाही. पण त्या वेळी सुलतान बाजारात गाडी घालणं म्हणजे शिक्षाच. बस, रिक्षा, हातगाड्या, कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, आणि मधूनच रस्ता ओलांडणाऱ्या बायका. निळी गाडी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत पुढे सरकत होती. बुटक्या गाडीतून बाहेर पाहिलं की माणसांची तोंडं दिसत नाहीत, नुसत्या पिशव्या आणि कमरा दिसतात. एकनाथराव मात्र लहान मुलासारखे मान वळवून वळवून बघत होते. फार दिवसांनी आले होते.

"ते बघ," एका कापडाच्या दुकानाकडे बोट दाखवून ते म्हणाले. "परवा इथंच घेतलो होतो प्रशांतला शाळेच्या गणवेशाचं कापड. चड्डीचं खाकी आणि शर्टाचं पांढरं. दुकानवाला बोलला, साब, बच्चा बढ़ता है, ज्यादा लेओ. ऐकलो नाही. सहा महिन्यांत चड्डी आखूड झाली की!"

ते हसले. सुजाताच्या पायाखालून क्लच सुटला आणि गाडी हिसका देऊन बंद पडली. मागून रिक्षावाल्यानं भोंगा दाबून धरला. "अम्मा, गाडी बाजू को लेओ ना! रस्ते में कायकू रुके?"

पहिल्यांदा तिला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. तिनं कशीबशी गाडी सुरू केली, एका बंद दुकानासमोर दोन चाकं चढवून उभी केली आणि त्यांच्याकडे वळली.

"बाबा, परवा? प्रशांतचा गणवेश परवा घेतलात?"

"हौ, परवा. तिसरीला होता का चौथीला, आता ध्यानात नाही."

"अहो, मग परवा कसं?"

एकनाथरावांच्या लक्षात आलं, की सून पुण्याची आहे. त्यांच्या चेहऱ्यावर जुनी मिस्किली उमटली. "तुमच्याकडे परवा म्हणजे कालच्या आदला दिवस, नाही का? आमच्या हैदराबादेत काल झालं नाही ते सगळं परवा. उर्दूवाले परसों म्हणतात, आम्ही परवा म्हणतो. माझं लग्न परवा झालं. निजामाचं राज्य परवा गेलं. तुझी सासू तर यावरून मला चिडवायची, ती नागपूरची."

ऑफिसात सुजाता सगळा दिवस इंग्रजी बोलायची. घरात गोळी आणि भात याशिवाय शब्द नव्हता. परवा या शब्दाला या गावात एवढं मोठं पोट आहे, हे तिला कुणी सांगणार कसं? तिनं कुणाला बोलूच दिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली. "दवाखान्यात तुम्ही वन्संना फोनवर म्हणालात, परवा त्याच्या छातीत दुखत होतं. ओवा खा म्हणालात. ते कधीचं?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी हातातला चेंडू मांडीवर ठेवला.

"इंजिनिअरिंगला होता तेव्हाचं. परीक्षेच्या आधी. रात्रभर जागायचा, उपाशी राहायचा. मी म्हणलो गॅस असंल. तुझी सासू ऐकते का? दुसऱ्या दिवशी आबिड्सच्या डॉक्टरकडं नेली त्याला ओढत. ईसीजीची पट्टी काढले, काही नव्हतं. सगळे विसरून गेलो आम्ही. पण त्या दिवशी त्याला तसा पडलेला बघितल्यावर मला तेच आठवलं. दुसरं काही आठवंना. मी म्हणलो, तेव्हाच कुणा मोठ्या डॉक्टरला दाखवलं असतं तर काही तरी सापडलं असतं. आपणच लक्ष दिलो नाही. अजून रोज वाटतं."

"तो जायच्या आधीच्या सोमवारी काही बोलला नव्हता? गॅलरीत बसला होतात तेव्हा?"

"सोमवारी? सोमवारी या गाडीचंच चाललं होतं. मी म्हणलो उंच गाडी घे बाबा, मला चढ-उतार जमंना. म्हणाला, तुम्हाला उचलून बसवीन, पण गाडी हीच राहील."

बाहेर रिक्षावाले एकमेकांना शिव्या देत होते. गाडीच्या काचेवर एक फुगेवाला टकटक करून निघून गेला. म्हाताऱ्याचा पाय अधू झाला होता, डोकं नव्हतं. त्यांनी हळूहळू मान तिच्याकडे वळवली.

"म्हणजे तुला वाटलं, तो जायच्या दोन दिवस आधी मला बोलला. आणि मी त्याला ओवा देऊन गप्प बसलो."

सुजातानं मान डोलावली.

"दीड वर्ष तुला हे वाटत होतं?"

"हो."

"विचारायचं नाही का गं मला?"

"विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात, तर मला त्या घरात राहता आलं नसतं. मग तुमचं कुणी केलं असतं?"

एकनाथरावांना राग आला असता तरी तिनं तो झेलला असता. तो त्यांचा हक्कच आहे असंही तिला वाटलं असतं. पण ते रागावले नाहीत.

"माझ्या पोराला मी मारलं असं मनात धरून," ते एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तू मला आंघोळीचं पाणी देत होतीस. या गाडीत उचलून बसवत होतीस. मी तुझ्या जागी असतो ना सुजाता, तर तोंड बघितलो नसतो."

तिला माफी मागायची होती. बदली मी रद्द करून घेते, रविवारचं वन्संना कळवते, तुम्ही कुठं जायचं नाही, हे सांगायचं होतं, आणि ते तिनं कसंबसं सांगितलंही. पुढे आणखी काही बोलायला गेली तर आत काहीच सापडेना. इतके दिवस ज्या रागाला धरून ती उभी होती, सकाळी उठत होती, गाडी चालवत होती, तो राग गेला होता. रागवायला आता कुणी उरलं नव्हतं. ना सासरे, ना डॉक्टर, ना तो सोमवार. कुणाचीही चूक नव्हती, आणि तरी तो नव्हता. प्रशांत गेल्याच्या दिवसापासून ती एकदाही मोकळेपणी रडली नव्हती, हे तिला त्या बंद दुकानासमोर, दोन चाकं वर आणि दोन खाली अशा तिरक्या गाडीत बसल्यावर कळलं.

"बाबा," बाहेरगावाहून आलेल्या माणसाला आत्ताच बातमी द्यावी तसं ती म्हणाली, "बाबा, प्रशांत गेला हो."

एकनाथरावांनी आपला चांगला डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. त्यासाठी त्यांना सीटवर सगळं अंग वळवावं लागलं.

"हौ बाई," ते म्हणाले. "गेला आपला प्रशांत."