शिखराखालची घळ

अप्पांचा दमा वाढला तसं त्यांचं बोलणं आखूड झालं. जन्मभर वैद्यकी केलेला माणूस, पण आता खिडकीपाशी खुर्चीत बसून स्वतःचाच श्वास मोजत राहायचा. त्यांची एकुलती एक लेक वनस्पतींची अभ्यासक होती. डोंगरावर कुठली झाडं कुठे तग धरतात आणि का, हेच तिचं काम.

"वर जाशील तेव्हा निळमुळीचं एक मूळ आण," एकदा अप्पा म्हणाले. "उकळून वाफ घेईन."

"अप्पा, तुमच्या छातीला आता त्याने फरक पडायचा नाही."

"ते मला कळत नाही होय? आण म्हटलं की आण."

निळमुळी मोठी नखरेल. तिला उत्तरेकडचा उतार लागतो, भुसभुशीत खडीची माती लागते आणि उन्हाळा सुरू झाला तरी वितळायचं नाव न घेणारा बर्फ लागतो. अप्पा तरुणपणी जिथून ती पोतंभर आणायचे, तिथे आता बर्फ टिकत नव्हता. कमरेएवढं गवत माजलं होतं. लेक चढत राहिली. ओळखीचे सगळे उतार रिकामे निघाले. शेवटी शिखराच्या अगदी खाली, ऊन न शिरणाऱ्या एका घळीत निळमुळी दिसली. मूठभर रोपं, फूल एकालाही नाही. वर नुसता कातळ. थंडाव्याच्या मागे सरकत सरकत निळमुळी इथवर आली होती आणि आता सरकायला जागाच उरली नव्हती.

लेकीने खुरपं घातलं. मूळ बोटांना लागलं, गारठलेलं. तिने भोवतालची रोपं एकेक करून मोजली. मग माती दाबून पुन्हा बसवली, शेजारी तापमान नोंदणारं यंत्र पुरलं आणि खाली आली.

घरी तिने खोटं सांगितलं नाही.

"हाताला लागलेलं सोडून आलीस?"

"शेवटचीच राहिलीत, अप्पा."

"आणि मी काय, पुढल्या साली नव्याने उगवणार आहे?"

ते जेवायला उठले नाहीत. पुढे अबोला सुटला, पण बोलणं औषधपाण्यापुरतंच राहिलं. थंडी सरता सरता अप्पा गेले.

उन्हाळ्यात ती परत वर गेली. त्या हिवाळ्यात डोंगरमाथ्यावर बर्फाऐवजी पाऊस कोसळला होता. घळ जागेवर नव्हती. माती, दगड, सगळं घसरून खालच्या ओढ्यात गेलं होतं. तिने हातांनी दगड उपसून पाहिले. नखं फाटली, हाती काही आलं नाही.

कचेरीतल्या सहकाऱ्याचा फोन आला. "यंत्र सापडलं का?"

"नाही. रोपंही नाहीत."

"मग नकाशावरच्या निळमुळीच्या खुणेचं काय करू?"

"पुसून टाक."

आपण केलं ते बरोबरच, असं ती थंडीभर मनाला समजावत आली होती. आता तेवढं म्हणायचीही सोय राहिली नाही. ऊन कलल्यावर ती उठली आणि गुडघे सांभाळत उतरू लागली.