मधला आवाज

प्लगच्या पितळी टोकावर हिरवट डाग धरला होता, बोटाने घासला तरी जात नव्हता. तारामतीने तो तसाच ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावरच्या भोकात खुपसला, ‘बोला, कलेक्टर कचेरी,’ म्हणाली आणि जिभेबद्दल काय बोलायचं ते पुन्हा पहिल्यापासून जुळवू लागली. जीभ हे देवाचं देणं आहे — छे, हा तर शाळेतला निबंध... निलंग्याला टँकर हवा होता, उदगीरला चारा. जिल्हा नवा झाल्यापासून लातुरात कचेऱ्या वाढल्या होत्या, साहेब वाढले होते, बाहेरगावच्या लायनी मात्र तेवढ्याच. आणि दुष्काळामुळे प्रत्येकाचाच कॉल तातडीचा. त्यांनी तीन मिनिटं बोलायचं, मग हिने मधे जाऊन ‘तीन मिनिटं झाली’ म्हणायचं. या फटींमधून तिचा उपदेश तयार होत होता — म्हणजे होत नव्हता.

‘काय गं तारे, ओठ काय हलवून राहिलीस?’ शेजारच्या बोर्डावरून पंचशीला म्हणाली. ‘देवाला ट्रंक कॉल लावलास का? अर्जंट का ऑर्डिनरी?’

‘अर्जंटच. पण लाइन मिळंना.’

‘आम्हा बौद्धांचं बरं हाय बघ. वर कुणाला लावायचाच नसतो.’

रविवारी तिला चर्चमध्ये उभं राहायचं होतं. लातूरच्या मंडळीत बायांनी आजवर गायलं होतं, सतरंज्या झटकल्या होत्या. उपदेश केला नव्हता. नांदेडचे मोठे पाळकसाहेब ऐकायला येणार होते, त्यांना पटलं तर तिला खेड्यापाड्यांत उपदेश करायचा परवाना मिळणार होता, आणि नवऱ्याचं घर सोडल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती. रविवार मोकळा मिळावा म्हणून रात्रपाळी उतरून तिने कुणाशी तरी बदललेली दिवसाची पाळीही धरली होती. डोळ्यांत खडे रुतत होते. तिचं नाव सुचवलं होतं अण्णारावांनी — मंडळीचे पंच, मिशनच्या वसतिगृहाचे अधीक्षक. विषयही त्यांचाच. ‘जिभेवर बोल. बायांना सोपं जातंय,’ म्हणून ते हसले होते, आणि तीही हसली होती, उपकार झाल्यासारखी, मान खाली घालून...

दुपारी बोर्डावर वसतिगृहाच्या नंबरची झडप पडली, म्हणजे तिकडून कुणीतरी फोन उचलला होता.

‘ताई, नांदेड पाहिजे. जरा लवकर बघा.’

अण्णाराव. आणि ताई! ओळखलं नव्हतं त्यांनी. बोर्डावर बसणाऱ्या बाईचा आवाज निराळा असतो — शिकवलेला, रेडिओवरच्यासारखा. त्यात तिचं गाव नसतं, नाव नसतं. शिवाय तारामतीची या आठवड्यात रात्रपाळी, दिवसा ती झोपलेली असणार, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं.

नांदेड लागलं, पण लाइन नुसती खरखरत होती. पाळकसाहेब तिकडून ओरडत होते, अण्णाराव इकडून, आणि एकाचं दुसऱ्याला काही पोचत नव्हतं. बोर्डावर मात्र दोघेही ऐकू येत होते. अशा वेळी ऑपरेटरने मधे उभं राहायचं असतं — एकाचं वाक्य घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं; पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही.

‘बोला, मी सांगते,’ ती म्हणाली.

‘सायबांना म्हणावं, रविवारच्या बाईची काळजी करू नका.’

‘रविवारच्या बाईची काळजी करू नका.’

‘नवऱ्याला सोडून आलेली हाय. रात्री-बेरात्री जीपमधी घरी येती.’

जीप टेलिफोन खात्याची होती, पाळीवरच्या बायांना घरी सोडणारी. ड्रायव्हर तिच्या वडिलांच्या वयाचा होता. प्लगचा दोर ओढला असता तर संपलं असतं. लाइन तुटली, हे वाक्य ती रोज कितीदा तरी म्हणत होती...

‘ताई? हाव का तिथं?’

‘नवऱ्याला सोडून आलेली आहे,’ तारामती नांदेडला म्हणाली. ‘रात्री-बेरात्री जीपमधून घरी येते.’

‘माझ्याच वसतिगृहातली पोरगी. चारचौघांत उभी केली की अडखळती. एकदा उभी करू, पडंल. मग पुन्हा कोण्या बाईचं नाव निघणार न्हाई.’

— बहात्तरचा दुष्काळ, वसतिगृहातल्या पोरांची रांग, मदतीत आलेल्या सुकडीचा उकळता वास. बायबलातलं वचन म्हणून दाखवल्याशिवाय सुकडी नाही. तिचं वचन पहिल्याच शब्दाशी अडलेलं, अण्णारावांच्या हातातली पळी वर तशीच धरलेली, मागची पोरं खिदळणारी, आणि ती पळीकडे बघतेय, वचनाकडे नाही... शेवटी त्यांनी वाढलं होतं. वाढलं होतं, हेही खरं. त्या सुकडीवरच ती जगली, आणि तेव्हापासून त्यांच्यासमोर तिची जीभ टाळूला चिकटते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

तिने ते वाक्य अख्खंच्या अख्खं, एका दमात, पाळकसाहेबांना दिलं. अडखळते हा शब्दसुद्धा.

‘बरं, बरं,’ पाळकसाहेब म्हणाले. ‘मग निवांत येतो. जेवणाचं तेवढं बघा म्हणावं.’

‘बरं म्हणतात. निवांत येतात. जेवणाचं बघा.’

अण्णाराव मोकळं हसले. ‘ताई, तुमचा आवाज लई साफ हाय बघा. देव तुमचं भलं करो.’

‘तीन मिनिटं झाली,’ तारामती म्हणाली आणि दोर ओढला.

‘कोण होतं गं?’ पंचशीलाने विचारलं. ‘तोंड बघ कसं झालंय.’

‘नेहमीचंच. जेवणाची व्यवस्था.’

बोर्डावर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, नोकरीला लागताना तशी शपथ घेतलेली. आणि बोलायची गरजही नव्हती — हे तिच्या लक्षात आलं तेव्हा हात पुढच्या कॉलकडे गेलेला तसाच थांबला. रविवारी आपण घरच्या बोलीत बोलणार होतो, आईच्या, वस्तीतल्या बायांच्या. ते नकोच. बोर्डावरच्या या आवाजात बोलायचं. विषय त्यांनीच दिलेला, एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही; फक्त उभं राहायचं आणि पहिलं वाक्य या आवाजात टाकायचं. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले अण्णाराव फोनवरच्या ताईचा आवाज कुठल्या शब्दाला ओळखतील? प्रिय मंडळी, एवढ्यालाच? की थोडं पुढे, घडी सुटू लागेल तेव्हा... तिने ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. एकदाही अडखळली नाही. मग पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचं आलं, आठवडाभर जे येत नव्हतं ते घडाघडा येऊ लागलं, चांगलं येऊ लागलं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य एकाच माणसाकडे बघत होतं. मागे बसलेल्या, पहाटेपासून घागरींच्या रांगेत उभ्या राहून आलेल्या बाया तिला दिसेनात. देव कुठे आहे ते तिने त्या वाक्यांमध्ये शोधलं, अगदी प्रामाणिकपणे शोधलं, तो नव्हता. याचं वाईट वाटायला हवं होतं. ती थांबली, श्वास धरून, वाईट वाटायची वाट बघत — आणि वाक्यं येतच राहिली.