मावशीचे गुण शून्य

मित्रांनो, मला ना हात ना पाय, तरी भल्याभल्यांना मी वर चढवलं आणि खाली उतरवलं आहे. मी एक जुना हिशेब आहे. दचकू नका, चुकता करायचा नव्हे, मांडायचा. सोशल मीडियावर कोणत्या पशुवैद्याचा किती प्रभाव आहे, हे मोजून मी दर सोमवारी त्यांची क्रमवारी लावतो.

झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत माझा जन्म झाला. मला घडवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. पोस्टला लाइक मिळालं तर एक गुण, कोणी ती पुढे पाठवली तर तीन आणि दुसऱ्या पशुवैद्याने खाली उत्तर लिहिलं तर दहा, असं त्यांनी मला शिकवलं. मांजराच्या पिल्लाचा फोटो कोणालाही आवडतो; पण त्याच कामातला माणूस वेळ काढून दोन ओळी लिहितो, तेव्हा त्याला वजन असतं. नुसत्या फॉलोअरच्या संख्येला ताई भीक घालत नसत. "गर्दी काय, भांडणालाही जमते," असं त्या म्हणत.

माझं कौतुकही फार झालं. सोमवारी डॉक्टरमंडळी चहा निवेपर्यंत मलाच बघत बसत. त्या काळात मी जरा हवेतच होतो.

अशाच एका सोमवारी एक तरुण डॉक्टर पहिला आला. मांजराला गोळी कशी द्यावी हेदेखील तो इतकं निवांत समजावून सांगे की लोक त्याला सावकाश डॉक्टर म्हणत. तेव्हा एका नव्या प्राणी-रुग्णालयाला डॉक्टर हवा होता आणि मुलाखतीला माझ्या यादीतल्या पहिल्या पाचांनाच बोलावणं होतं. सावकाश डॉक्टरला ती जागा मनापासून हवी होती. त्याच्या दवाखान्यातल्या टेबलावर मोठं कुत्रं धड मावतही नसे.

दुसऱ्याच दिवशी तो ताईंच्या खोलीत आला.

"ताई, घोळ झालाय. माझ्या पोस्टखाली रोज लिहिते ती माझी मावशी आहे."

"मग? मावशीला लिहायला बंदी थोडीच आहे?"

"तिचं खातं मीच काढून दिलं. घाईघाईत व्यवसायाच्या जागी माझाच व्यवसाय टाकला, पशुवैद्य. तिच्या विणकाम मंडळातल्या सगळ्याजणींचीही खाती मीच काढलीत, तशीच."

ताईंनी उत्तरं उघडली. मावशीने लिहिलं होतं, "डोळे किती खोल गेलेत, वेळेवर जेवत जा." त्याखाली मंडळातल्या बायका ओळीने, "खरंय हो." एकेकीचे दहा गुण. ताई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मग त्या म्हणाल्या, "हे दुरुस्त केलं तर पार खाली जाशील. मुलाखत हातची जाईल."

मला फार वाईट वाटलं.

"करा दुरुस्त," तो म्हणाला.

ताईंनी ती खाती बदलली, नातेवाइकांना गुण नाहीत असा नवा नियम मला शिकवला आणि पुढच्या सोमवारी तो घसरत चौऱ्याहत्तरावर गेला. चार दिवसांनी रुग्णालयाच्या प्रमुख बाईंचा फोन आला. पहिला डॉक्टर एकाएकी गेला कुठे, असं त्या विचारत होत्या. ताईंनी घडलं ते सांगितलं. स्पीकरवर आधी बराच वेळ हसू ऐकू आलं.

"आमचे पेशंट मुके असतात हो," बाई म्हणाल्या. "आपली चूक आपणहून सांगणारा डॉक्टर आम्हाला हवाच आहे. पाठवून द्या त्याला."

जागा त्यालाच मिळाली. आता त्याच्या टेबलावर वासरूसुद्धा मावतं.

मित्रांनो, आता माझं वय झालं. तुम्ही क्रमवारी जरूर बघा, पण गुण कशाचे दिलेत हे एकदा विचारत जा. आणि माझ्यासारख्या हिशेबाला वरचेवर तपासत जा, नाहीतर आम्ही कोणालाही डोक्यावर घेऊन नाचतो.

हो, मावशीचं सांगायचं राहिलं. तुझ्या उत्तरांना आता गुण नाहीत, असं डॉक्टरने तिला भीत भीत सांगितलं. त्याच्या पुढच्याच पोस्टखाली तिने लिहिलं, "मी काय गुणांसाठी लिहिते होय रे? जेवलास का ते सांग." मी नियमाप्रमाणे शून्य मांडलं.

खाली त्याचं उत्तर आलं, "जेवलो गं, मावशी." त्यालाही शून्यच मांडलं. त्या सोमवारी सगळ्या बेरजा झाल्यावर मी पुन्हा पुन्हा बघत होतो ती ही दोन शून्यं.