पाहुण्याचं पाणी

बाळांनो, एक काचेची उभी नळी डोळ्यांपुढे आणा. हातभर लांब, अंगावर बारीक रेघा, खाली छोटी तोटी. रसायनशाळेत तिला ब्युरेट म्हणतात. नळीखाली पाण्याचा चंबू ठेवायचा, त्यात पिवळ्या रसायनाचे दोन थेंब टाकायचे, तोटीतून औषधाचा एकेक थेंब सोडायचा, आणि चंबूतलं पिवळं पाणी विटेसारखं लाल झालं की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितकं त्या पाण्यात मीठ जास्त. दिसतंय का? मग त्या नळीशेजारी आता निंबाला उभा करा.

१९८९ सालचा जानेवारी होता. धुळ्याच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या निंबाने एकतिसावा आकडा वहीत लिहिला आणि तो ओरडलाच, "मॅडम, बठ्ठं पानी गोड शे! झाला आपला प्रकल्प!"

धुळ्यात राहून तो पुस्तकी मराठी बोलायला शिकला होता, पण आनंद झाला की घरची अहिराणीच तोंडात यायची. बठ्ठं म्हणजे सगळं, शे म्हणजे आहे.

मॅडम म्हणजे पुष्पाबाई. त्या प्राध्यापक नव्हत्या. सोळा वर्षं प्रयोगनिर्देशक होत्या; मुलांना चंबू कसा धरायचा इथपासून शिकवायचं, हे त्यांचं काम. औषधाने बोटांची टोकं कायमची काळी पडलेली. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर दुसरं कुणी घेत नव्हतं म्हणून तेही त्यांच्याकडे आलं होतं. डिसेंबरात त्यांनी मुलांना दोंडाईच्याजवळच्या एका गावात दहा दिवस नेलं. तिथल्या लोकांनी नव्या विहिरीसाठी दोनदा अर्ज केले होते आणि दोन्ही परत आले होते. शिबिर नि प्रकल्प एकत्र जोडायचं पुष्पाबाईंनी तेव्हाच ठरवलं. त्या गावाच्या पाण्याची तपासणी, हाच निंबाचा प्रकल्प.

पुष्पाबाईंनी वही हातात घेतली. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवलं.

"निंबा, गावात हातपंप किती?"

"तीन. आणि एक जुनी विहीर."

"चार ठिकाणचं पाणी, आणि एकतीसही आकडे सारखे?"

निंबाने वाकून वहीतले आकडे पुन्हा पाहिले.

"बाटल्या कुणी भरल्या?"

"आम्ही दिवसभर रस्ता खणत होतो, मॅडम. सकाळी घरोघर बाटल्या वाटल्या, संध्याकाळी गोळा केल्या."

"म्हणजे तू भरल्या नाहीस."

"पण आठ दिवसांनी वही जमा करायचीय! आणि वाचतंय कोण? कपाटातच जाणार ना शेवटी?"

रसायनशाळेच्या कोपऱ्यात ते कपाट होतं. वर्षानुवर्षांचे प्रकल्प, काळ्या पुठ्ठ्यात बांधलेले. यंदाच्या मुलाने गेल्या वर्षीचा उतरवायचा, इतकाच त्यांचा उपयोग.

"म्हणूनच," पुष्पाबाई म्हणाल्या. "कपाटासाठी लिहायचं असतं तर तुला गावात कशाला नेलं असतं? उद्या सकाळी सहाची एस.टी. चार पोरं बरोबर घे, आणि रिकाम्या बाटल्या."

दुसऱ्या दिवशी गावात भिकुबाईने त्यांना ओट्यावर बसवलं. शिबिरात मुलांच्या भाकरी हीच म्हातारी थापायची. तिने घासून लख्ख केलेला तांब्या पुढे ठेवला. पुष्पाबाईंनी घोट घेतला. शहाळ्यासारखं पाणी.

"भिकुबाई, हे कुठल्या पंपाचं?"

"पेय ना माय, सुखानं पेय. कथानं कसाले इचारतीस?"

ओट्याच्या कडेला भिकुबाईची नात यशोदा पाटीवर गणित करत बसली होती. दहा वर्षांची असेल. ती मान वर न करताच म्हणाली, "ते पाव्हनासनं पानी शे. आम्ही ते नही पेतस."

"गप वं, चोंबडी!" भिकुबाई खेकसली.

पण आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. मैल-दीड मैलावर झुलाल आबांच्या मळ्यातली विहीर गोड. पाहुणा आला की बायका तिथून कळशी आणत. शिबिराचं पाणीही बैलगाडीवर तिथूनच येत होतं. घरचं पिणं मात्र पंपाचं. डाळ त्यात दोन-दोन तास शिजत नसे, आणि पंपाच्या ओट्यावर पांढरा खार साचलेला.

"आणि बाटल्या?" निंबाने विचारलं.

भिकुबाईला त्याच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "बाटल्या कॉलेजले जानार व्हत्यात ना रे भाऊ? मोठा मोठा लोके देखतीन. तठे खारं पानी धाडतस का कोनी? गावनी लाज शे. बठ्ठ्या बाया मयामा गयात, धुई-पुशीसन भरी लयन्यात."

म्हणजे एकतीसही बाटल्यांत मळ्यातलंच पाणी होतं. बरोबरच्या पोरांपैकी एक जण फिस्सकन हसला. पुष्पाबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो बाटल्या मोजायला लागला.

"अर्जाच्या वेळी पाणीपुरवठ्याचे साहेब आले होते," पुष्पाबाई हळू म्हणाल्या, "त्यांनाही हेच पाणी दिलं?"

"मंग! वर गूळना खडा बी दिधा."

साहेब पाणी प्यायले होते आणि 'पाणी गोड आहे' असं लिहून गेले होते. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. गावाने खोटं सांगितलं नव्हतं. तरीही नवी विहीर हातची गेली होती.

पुष्पाबाई उठल्या. "निंबा, या वेळी रस्ता नाही खणायचा. उद्यापासून पहाटे एकेकाने एकेका बाईबरोबर पंपावर जायचं. हंडा तुम्ही उचलायचा, बाटली तुम्ही भरायची. कोणत्या घरी किती हंडे लागतात, तेही लिहायचं. हीच आता तुमची सेवा आणि हाच अभ्यास."

तीन दिवस मुलं शाळेच्या खोलीत झोपली. निंबाच्या वाट्याला भिकुबाईचं घर आलं. यशोदा पुढे, हंडा खांद्यावर घेतलेला निंबा मागे. "भाऊ, सांडी राहिना तू," ती दर दहा पावलांनी सांगायची. "अर्धा हंडा रस्तालेच पाजी दिधा."

धुळ्याला परत आल्यावर निंबाने पहिली बाटली चंबूत ओतली आणि तोटी सोडली. थेंब पडत राहिले. अर्धी नळी रिकामी झाली, तरी पाणी पिवळंच. नळी संपली. त्याने पुन्हा भरली. शेजारी पुष्पाबाई उभ्या होत्या. लाल रंग आला तेव्हा निंबाने आकडा लिहिला. मग चंबूकडे बघत म्हणाला, "मॅडम, ती पोरगी रोज हे पिते."

वही वेळेवर जमा झाली. पहिले एकतीस आकडे त्यांनी खोडले नाहीत. ते का सारखे आले, हे एका वेगळ्या पानावर साध्या मराठीत लिहिलं. विभागप्रमुख म्हणाले, "बाई, हा प्रकल्प आहे की समाजसेवा?" पुष्पाबाई म्हणाल्या, "दोन्ही, सर." आणि वहीची एक नक्कल घेऊन त्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या दारात जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी भेट झाली नाही, दुसऱ्याही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तारीख दिली.

मार्चमध्ये जीप गावात आली. शाळेच्या ओसरीत सतरंजी घातली होती. निंबाने वही उघडली, पण तो वाचायला लागणार तोच भिकुबाई पदर सावरत पुढे आली. तिच्या हातात तोच लख्ख तांब्या होता. पंपाचंच पाणी द्यायचं, हे पुष्पाबाईंनी तिला चार वेळा समजावलं होतं. तिने चारही वेळा मान डोलावली होती. पण पाहुणा उन्हातून दारात आला होता, तिचे हात ऐकेनात.

साहेब पाणी प्यायले. तोंड पुसलं. "पाणी तर चांगलं आहे की, मॅडम!"

झुलाल आबांनी मान खाली घातली. निंबा उठायला निघाला, तेव्हा पुष्पाबाईंनी काळ्या बोटांनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. वहीतले आकडे त्यांना तोंडपाठ होते. पण हे सांगायचं तर गावाने सांगायला हवं होतं.

यशोदा पोरींच्या रांगेतून उठली. ओसरीच्या कोपऱ्यातले दोन पेले तिने घेतले आणि समोरच्या पंपाकडे गेली. दांडा तिच्या डोक्याच्या वर होता. ती उडी मारून त्याला लोंबकळली, पुन्हा लोंबकळली. मग पाणी आलं.

भरलेले पेले घेऊन ती परत आली. एक तिने साहेबांसमोर सतरंजीवर ठेवला. दुसरा तोंडाला लावला आणि रोज पिते तसा, तोंड वाकडं न करता, एका दमात संपवला. मग रिकामा पेला पालथा घालून ती साहेबांकडे बघत उभी राहिली.